वाचकाकडून वाचकाकडे

पुस्तक वाचून संपलं की ते कुणाला तरी द्यावंसं वाटतं. देता आलं नाही तर निदान त्याबद्दल बोलावंसं तरी वाटतं. वाचनाचा निम्मा आनंद या देण्या-बोलण्यात असतो. गावोगावची वाचनालयं, दिवाळी अंकांची अदलाबदल, ग्रंथपालानं ‘हे न्या, तुम्हाला आवडेल’ म्हणून पुढे केलेली कादंबरी, हे सगळं त्याच निम्म्या भागावर चाललेलं आहे. पुढच्या पानांत ज्यांनी आपापल्या आवडत्या पुस्तकांबद्दल लिहिलं आहे, त्यांच्यातले कुणी पूर्ण अंध आहेत, कुणाला अंधुक दिसतं, कुणाला पुस्तक हातात धरून पान उलटता येत नाही, तर कुणाच्या डोळ्यांपुढे अक्षरं एका जागी ठरत नाहीत. अशा वाचकांपर्यंत पुस्तकं पोहोचवण्याची चर्चा आपल्याकडे थोडीफार झाली आहे. त्यांनी एकमेकांना पुस्तकं सुचवावीत, एखाद्या लेखकावरून वाद घालावेत, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काही मिळवून वाचावं आणि ते आवडलं नाही म्हणून अर्ध्यात सोडून द्यावं, ही चर्चा मात्र जवळजवळ झालेलीच नाही. माझं म्हणणं असं आहे की, अपंग माणसाला पुस्तक पुरवणं वेगळं आणि त्याला वाचक म्हणून वाढू देणं वेगळं. पुरवठ्याचं काम संस्था करू शकतात. वाचक मात्र दुसऱ्या वाचकांच्या संगतीत, त्यांच्या शिफारशी ऐकत आणि नाकारत घडतो.

ब्रेल लिपीचा इतिहासच याची पहिली साक्ष देतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हॅलेंटिन हावी यांनी पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. तिथली पुस्तकं कागदावर उठावानं छापलेल्या रोमन अक्षरांची होती. डोळसांना ती सहज वाचता येत. बोटांना मात्र प्रत्येक अक्षराची वळणं चाचपत जावं लागे, आणि त्या अक्षरांत मुलांना स्वतः काही लिहिता येत नसे. त्याच शाळेत शिकणाऱ्या लुई ब्रेलनं शार्ल बार्बिए यांच्या उठावदार ठिपक्यांच्या लिपीवरून १८२४च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, बोटाच्या टोकाखाली एका वेळी मावेल अशी सहा ठिपक्यांची रचना तयार केली. १८२९मध्ये ती छापून निघाली. पण १८४०मध्ये शाळेची सूत्रं हाती घेतलेल्या द्यूफो यांनी तिचा वापर बंद केला. अंध मुलांनी डोळसांच्या लिपीहून वेगळं काही वाचू नये, असा तो आग्रह होता. मुलांनी ऐकलं नाही. आपसातल्या चिठ्ठ्या, टिपणं, एकमेकांसाठी उतरवून घेतलेले मजकूर अशा मार्गांनी त्यांनी ती लिपी चालू ठेवली आणि अखेर शाळेलाच माघार घ्यावी लागली. फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४मध्ये, ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. वर्गात बंदी असलेली लिपी इतकी वर्षं तगली, कारण एकानं लिहिलेलं दुसऱ्याला वाचावंसं वाटत होतं आणि पहिल्याला ते द्यावंसं वाटत होतं.

अपंगांनी काय वाचावं हे कोण ठरवतं, हा प्रश्न तेव्हापासून मिटलेला नाही. विसाव्या शतकात बोलकी पुस्तकं आली, म्हणजे तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केलेली पुस्तकं. अमेरिकेत १९३४च्या सुमारास निघालेल्या पहिल्या यादीत बायबलमधली स्तोत्रं, स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि शेक्सपियर होते. पण त्याच यादीत पी. जी. वुडहाऊसचा एक विनोदी कथासंग्रहही होता. इंग्लंडमध्ये १९३५ साली पहिल्या बोलक्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ ही खुनाच्या तपासाची कादंबरी होती. ज्यांनी ही निवड केली त्यांना एक गोष्ट कळली होती: पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकाला सांत्वनाची गरज असेल, पण खुनी कोण हे शेवटच्या प्रकरणापर्यंत न कळण्याची मजाही त्याला इतरांइतकीच हवी असणार.

हा समंजसपणा नेहमी टिकला नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसतर्फे अंध वाचकांना ब्रेल नियतकालिकं मोफत मिळत, आणि त्यांत १९७०पासून ‘प्लेबॉय’ही होतं, अर्थातच फक्त मजकूर. ते मागवणारे वाचक भरपूर होते. १९८५मध्ये तिथल्या संसदेनं या ब्रेल आवृत्तीवर खर्च होणारे नेमके १,०३,००० डॉलर अनुदानातून कापले आणि ग्रंथालयाचे प्रमुख डॅनियल बूरस्टिन यांनी आवृत्ती बंद केली. अंधांची संघटना न्यायालयात गेली. १९८६मध्ये न्यायाधीश थॉमस होगन यांनी निकाल दिला की, मजकूर पसंत नाही म्हणून सरकारनं ती आवृत्ती थांबवणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. त्या मासिकाबद्दल आपलं मत काहीही असो. डोळस माणसाला जे नाक्यावरच्या स्टॉलवर विकत घेता येतं, ते अंध माणसासाठी योग्य की अयोग्य हे सभागृहात मतदानानं ठरतं, यातला अन्याय त्या खटल्यानं उघड केला. वाचकाला निवडीचं स्वातंत्र्य असतं, याचा अर्थ त्याला हलकं, फालतू, दुसऱ्याला न आवडणारं वाचण्याचंही स्वातंत्र्य असतं.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल १९५१मध्ये ठरली आणि त्यानंतर मराठीत जी ब्रेल पुस्तकं निघाली, ती प्रामुख्यानं शालेय. ते स्वाभाविक होतं. पैसा थोडा, कागद जाड आणि महाग, छापखाने मोजके; मग आधी इतिहास-भूगोल छापायचा की नारायण धारपांची भयकथा? प्रत्येक वेळी उत्तर एकच येणार, आणि त्या उत्तराला दोष देता येत नाही. पण अशी रास्त उत्तरं वर्षानुवर्षं साचत गेली की शाळा सुटल्यावर वाचनही सुटतं, कारण पुस्तक म्हणजे परीक्षा एवढीच ओळख बोटांना झालेली असते. ‘आधी गरज, मग आनंद’ या आक्षेपाला माझं उत्तर हेच आहे. वाचनाचा वेग, शब्दांची श्रीमंती, लांब वाक्य शेवटपर्यंत पेलण्याची ताकद या गोष्टी धड्यांतून फारशा येत नाहीत. रात्री जेवण झाल्यावर ‘अजून एकच प्रकरण’ म्हणत वाचलेल्या शेकडो पानांतून त्या येतात. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी मराठी माणसाच्या कितीतरी पिढ्यांना वाचायला लावलं. त्या वाटेनंच पुढे अनेकजण गंभीर साहित्याकडे गेले. अंध मुलाला ही वाट बंद ठेवून थेट गंभीर वाचक होण्याची अपेक्षा करणं क्रूर आहे. म्हणूनच स्वागत थोरात यांनी २००८मध्ये सुरू केलेल्या ‘स्पर्शज्ञान’ या मराठी ब्रेल पाक्षिकाचं मोल मला फार वाटतं. परीक्षेत ज्याच्यावर प्रश्न येणार नाही असं काहीतरी पंधरा दिवसांनी पुन्हा हाती येणार आहे, ही वाट पाहण्याची सवय त्यानं मराठी ब्रेल वाचकाला लावली.

किती वाचकांबद्दल आपण बोलतो आहोत? २०११च्या जनगणनेनुसार भारतात अपंग व्यक्ती सुमारे २ कोटी ६८ लाख होत्या आणि त्यांतल्या सुमारे ५० लाख दृष्टीच्या अपंगत्वाच्या होत्या. महाराष्ट्रातल्या एकूण अपंग व्यक्ती २९ लाखांहून अधिक. विकसनशील देशांत प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांपैकी एक टक्क्याहूनही कमी पुस्तकं या वाचकांना वाचता येतील अशा स्वरूपात येतात, असा वर्ल्ड ब्लाइंड युनियनचा अंदाज होता. या पुस्तक-दुष्काळावर उपाय म्हणून २०१३मध्ये मराकेश इथं आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याला सर्वांत आधी, २४ जून २०१४ रोजी, अनुसमर्थन दिलं ते भारतानं. त्याआधीच २०१२मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचं सुलभ स्वरूप तयार करण्याची मुभा मिळाली होती. या दुरुस्तीमागे अपंगांच्या संघटनांनी नेटानं चालवलेली मोहीम होती. अशी सुलभ प्रत खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी दुसऱ्या अपंग व्यक्तीला देण्याची मोकळीकही तीच तरतूद देते, आणि नेहमीच्या छापील रूपात पुस्तकाचा आस्वाद घेता येत नसेल तर संस्थांनाही ते काम करता येतं. एकानं दुसऱ्याला पुस्तक देणं आणि त्याचा आस्वाद, दोन्ही गोष्टी कायद्यानं ओळखल्या आहेत; आपल्या सांस्कृतिक चर्चेनं अजून ओळखलेल्या नाहीत.

इथं प्रकाशकांचा आक्षेप येतो: अशा प्रती हातोहात फिरल्या तर आमची विक्री बुडेल. मराठी प्रकाशकाचं अर्थकारण नाजूक आहे, हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षं जातात, त्यामुळे ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण ज्या वाचकाला छापील प्रत वाचताच येत नाही, तो त्या प्रतीचा गिऱ्हाईक कधीच नव्हता. कायद्यातली मुभा ना-नफा तत्त्वावरची आहे आणि ती अपंग वाचकांपुरतीच आहे. सर्रास पीडीएफ फिरवणाऱ्यांना त्यात आडोसा नाही. विक्री खरोखर वाढवायची असेल तर उपाय प्रकाशकाच्याच हातात आहे: पुस्तक बाजारात येतानाच त्याची वाचता येईल अशी ई-आवृत्ती विकायला ठेवावी. विकत घेऊन वाचण्याची इच्छा असलेले अपंग वाचक पुष्कळ आहेत. त्यांना विकायला काही ठेवलंच नाही, तर ते फुकट मागतात असं म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

दुसरा आक्षेप आजकाल फार ऐकू येतो. मोबाइल आता सगळं वाचून दाखवतो, मग प्रश्न उरला कुठे? इंग्रजीपुरतं यात बरंच तथ्य आहे. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर मोफत मिळतो, मराठी बोलणारे आवाज आहेत, ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६पासून चालू आहे, २०१७मध्ये बोलक्या पुस्तकांचं स्टोरीटेल भारतात आलं तेव्हा पहिल्या भाषांत मराठी होती. पण मराठी पुस्तकाची अडचण छापखान्याच्या संगणकात दडलेली आहे. अनेक दशकं आपली पुस्तकं श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टांत जुळवली गेली. त्या फाइलींत पडद्यावर ‘क’ दिसत असला, तरी आत साठवलेली असते ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. डोळसाला काहीच फरक पडत नाही. स्क्रीन रीडर मात्र ती खिचडीच वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या कानी एकही मराठी शब्द पडत नाही. फाइल युनिकोडमध्ये बदलली तरी रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी शेजाऱ्याला चिकटते, जोडाक्षरं फुटतात. स्कॅन केलेल्या पानांवरून अक्षरं ओळखून घ्यावीत तर पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पृष्ठांक ऐन वाक्यात घुसतात, नायिका दारात उभी असताना मध्येच ‘एकशे सदतीस’ ऐकू येतं. हे सगळं माणसानं बसून, ओळीन् ओळ तपासून दुरुस्त करावं लागतं. एवढे श्रम कोणत्या पुस्तकावर खर्चायचे, हे ठरवायला वाचकांचीच शिफारस लागते. वाचणाऱ्यांनी ‘हे हवं’ म्हटलं नाही, तर यादी पुन्हा अभ्यासक्रम नाहीतर देणगीदार ठरवतात.

आणि ही शिफारस डोळस वाचकाच्या शिफारशीहून अधिक काही सांगते. ‘पानिपत’ वाचा, एवढं म्हणून अपंग वाचकाचं भागत नाही. ब्रेलमध्ये तेवढी कादंबरी अनेक जाडजूड खंडांत पसरते; ते खंड ठेवायचे कुठे, टपालानं मागवायचे तर परत कसे करायचे? बोलक्या रूपात असेल तर आवाज कुणाचा आहे, तो सदाशिवरावभाऊंना आणि हुजऱ्याला एकाच सुरात बोलवतो का, तळटीपा वाचल्या आहेत की गाळल्या आहेत, मागं जाऊन एखादं प्रकरण नेमकं सापडतं का? ज्याच्या हातात ताकद नाही, त्याला पान उलटण्याऐवजी एका बटणावर पुढं सरकणारी प्रत मिळेल का? अक्षरं डोळ्यांपुढे हलतात त्या वाचकाला ओळींमधलं अंतर वाढवता येतं का? ही माहिती समीक्षेत मिळत नाही. ज्यानं त्याच अडचणीतून वाट काढून ते पुस्तक वाचलं, तोच ती देऊ शकतो. अनोळखी घाटात आधी जाऊन आलेल्या माणसानं पाण्याची जागा सांगावी, तसं हे सांगणं असतं.

ऐकणं म्हणजे वाचन नव्हे, असं म्हणणाऱ्यांनी मराठी साहित्याकडे एकदा नीट पाहावं. चातुर्मासात एकानं पोथी वाचायची आणि घरानं ऐकायची, या रिवाजावर श्रीधरांचे ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ घराघरांत जगले. ‘गीतरामायण’ १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत असं महाराष्ट्रानं आधी ऐकलं. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकरांच्या कथाकथनाला लोटणाऱ्या गर्दीला कथा कळल्या नाहीत, असं कुणी म्हणणार नाही. विदर्भातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच अंध झाले. मराठीत ब्रेल पुस्तकं सहजी मिळत नव्हती अशा काळात त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले, मनात साठवले, आणि स्वतःचे शेकडा भरतील इतके ग्रंथ सांगून लिहवले. त्यांना वाचक न म्हणणारी व्याख्या आपण टाकून दिलेली बरी. तरीही या आक्षेपात एक सत्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. केवळ कानानं वाचणाऱ्याला शब्द कसा लिहितात हे भेटत नाही. ऱ्हस्व-दीर्घ, परिच्छेद कुठं तुटला, कवितेची ओळ कुठं संपली, हे आवाजात विरून जातं. कविता बोटांखाली वाचणं आणि दुसऱ्यानं म्हटलेली ऐकणं यांत फरक राहतोच, कारण म्हणणारा आपला अर्थ आधीच लावून बसलेला असतो. म्हणून मोबाइल आला, आता ब्रेल शिकवण्याची गरज नाही, असं म्हणणाऱ्या शाळांची मला चिंता वाटते. कान आणि बोटं दोन्ही हवीत, आणि कोणतं पुस्तक कशानं वाचायचं हे वाचकानं ठरवावं.

आणखी एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. अपंग माणसाला पुस्तक भेट द्यायचं म्हटलं की आपला हात आपोआप प्रेरणादायी चरित्रांकडे जातो: हेलन केलर, नाहीतर संकटांवर मात केलेला कुणीतरी. हेलन केलरचं आत्मचरित्र मोठंच आहे, नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ प्रत्येकानं वाचावं असं आहे, चालता-पळता येणाऱ्यांनी तर नक्कीच. पण खुद्द हेलन केलरनं आपल्या वाचनाबद्दल लिहिताना जिव्हाळ्यानं आठवण काढली ती ‘लिटल लॉर्ड फाँटलरॉय’ या मुलांच्या गोष्टीची. शिक्षिकेनं हातात बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर सांगत ती वाचून दाखवली, पुढे उठावाच्या अक्षरांतली प्रत मिळाली आणि तिची पारायणं झाली. त्या गोष्टीत अपंगत्वावर मात वगैरे काही नाही. आपल्यासारखंच आयुष्य पुस्तकात सापडणं ही वाचनातली एक मोठी सोबत असते, आणि अजिबात आपल्यासारखं नसलेलं आयुष्य सापडणं ही दुसरी. पहिलीच तेवढी वाट्याला देणं म्हणजे माणसाला त्याच्या अपंगत्वाशी बांधून ठेवणं. यावर कुणी विचारेल की, मग अपंग वाचकांनी वेगळं एकत्र येऊन आवडीनिवडी सांगायच्या कशाला, सर्वांबरोबरच का नाही? सर्वांबरोबर यावंच. मात्र महाराष्ट्रातल्या अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयांपैकी कितीतरी पहिल्या मजल्यावर, अरुंद जिन्याच्या टोकाला आहेत. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाचा हक्क देतो, पण चाकाच्या खुर्चीला तो जिना चढता येत नाही. ते दार उघडेपर्यंत वाट पाहत बसण्यापेक्षा एकमेकांत बोलणं सुरू करावं, आणि ते इतकं रसाळ असावं की डोळस वाचकांनाही कान द्यावासा वाटेल.

या संग्रहात उणिवा आहेत. कर्णबधिर वाचकांचं लेखन इथं फार कमी आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या ज्या मुलाची पहिली भाषा खुणांची असते, त्याला छापील मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकावी लागते; त्याच्या वाचनाच्या आनंदाचा प्रश्न निराळा आणि अधिक बिकट आहे, त्याला स्वतंत्र पुस्तकच लागेल. बौद्धिक अपंगत्व असलेल्या वाचकांसाठी सोप्या मराठीत लिहिलेलं ललित साहित्य तर जवळपास नाहीच. जे आहे त्यात मात्र प्रत्येक लेखाच्या शेवटी, ते पुस्तक लेखकानं कोणत्या स्वरूपात वाचलं हे दिलं आहे: ब्रेल, ध्वनिमुद्रण, युनिकोड फाइल, मोठ्या टायपातली प्रत, किंवा घरातल्या कुणी मोठ्यानं वाचून दाखवलेलं. जिथं शेवटचाच पर्याय लिहिलेला दिसेल, तिथं त्या पुस्तकाची सुलभ प्रत लेखकाला मिळू शकलेली नाही असं समजावं. ज्यांच्याकडे वेळ, संगणक आणि शुद्धलेखनाची जाण आहे, त्यांनी टंकनाला किंवा तपासणीला घेण्यासाठी पुस्तकं निवडताना सुरुवात तिथून करावी.